बचावफळीतला हिवाळा

दिवाळीचे कंदील अजून गॅलऱ्यांतून उतरलेले नसतात आणि बदलापुरात एके सकाळी अंघोळीच्या पाण्याची वाफ नजरेत भरते. तेवढ्यावरून मला कळतं, हंगाम आला. कात्रपमधल्या आमच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पावसाळाभर तिथे नुसतं गवत आणि डबकी असतात. मग कुणीतरी गवत कापतं, चुन्याच्या नव्या रेघा ओढतं, शिट्टी वाजते, चेंडूवर पाय पडल्याचा तो भरीव 'धप्प' आवाज येतो आणि माझ्या मांड्यांतून काहीतरी सरसरत जातं. गॅसवर चहा उतू जात असतो, डब्यात भाजी भरायची राहिलेली असते आणि मी चवड्यांवर उभी असते. टाचा आपोआप उचललेल्या. कधीही उजवीकडे, कधीही डावीकडे वळायला तयार.

"आली हिची थंडी," नवरा म्हणतो आणि गॅस बंद करतो.

अकरा वर्षं मी पगारी फुटबॉल खेळले. बचावपटू म्हणून. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गोल मारले?" मी सांगते, चार. समोरचा माणूस उगाच 'छान' म्हणतो. मग मी म्हणते, त्यातला एक आमच्याच जाळ्यात. यावर लोक मोकळे होऊन हसतात आणि विषय बदलतात. त्यांना कसं सांगायचं, की मला आठवतात ते गोल नाहीतच. मला आठवतं ते भर वेगात आलेल्या पोरीच्या पायातून चेंडू अलगद काढून घेणं. ती पुढे निघून गेलेली असते, तिला दोन पावलं कळतही नाही, आणि चेंडू माझ्यापाशी असतो. त्या दोन पावलांएवढ्या वेळात जे वाटतं ना, त्यासाठी मी गुडघा दिला. आणि विचारलं तर पुन्हा देईन.

मी मूळची पुढे खेळणारी. हेंद्रेपाड्यात वाढले, गल्लीतल्या पोरांबरोबर खेळले, आणि गोल मारणं म्हणजेच फुटबॉल असं मानणारी होते. कॉलेजला उल्हासनगरला गेले तेव्हा लछमन अंकलच्या टीममध्ये शिरले. कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, आठ मशिनी आणि हवेत तरंगणारा निळा भुसा. माणूस फुटबॉलवेडा. मुलींची टीम स्वतःच्या हौसेनं चालवायचे. आमच्या सरावाच्या बंड्यासुद्धा उरलेल्या जीन्सच्या कापडाच्या होत्या. जाड, गरम, घाम आला की अंगाला निळा रंग लागायचा. घरी गेल्यावर आई म्हणायची, "खेळून आलीस की रंगपंचमी करून?"

एक दिवस अंकलनी मला बाजूला घेतलं. "मनीषा बेटा, तू बॉल को नहीं देखती. तू आदमी को देखती है. ये आदत आगेवालों की नहीं है. पीछे आ जा."

मला तो अपमान वाटला. शेअर रिक्षात तीन अनोळखी माणसांमध्ये दाबून बसून मी स्टेशनपर्यंत रडले. पण पुढच्या रविवारी मागे उभी राहिले आणि पहिल्यांदा मला पूर्ण मैदान दिसलं. पुढे खेळताना फक्त जाळं दिसायचं. मागून सगळं दिसतं. कोण दमलंय, कोण घाबरलंय, कोणाचा डावा पाय नावालाच आहे. त्या दिवशी मी एका मुलीकडून चेंडू काढला आणि बाहेरून अंकल त्यांच्या सिंधी थाटात ओरडले, "वडी मस्त!" मी पुन्हा पुढे जायचं नाव काढलं नाही.

मग पुढची वर्षं भराभर गेली. गोवा, ओडिशा, केरळ. होस्टेलच्या लोखंडी कॉटा, बर्फाच्या पाण्यात बुडवलेले पाय, चार भाषांतल्या शिव्या आणि त्याच चार भाषांत "मीठ दे". करार एका वर्षाचा, तो संपला की बॅग भरायची. एकदा केरळात उडी मारून खाली येताना उजवा गुडघा आतल्या आत फिरला. ऑपरेशन झालं, नऊ महिने गेले, परत खेळले. पण त्यानंतर सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं मी भिंत धरून टाकायला लागले.

आणि मग तो हिवाळा आला. एकतीस वर्षांची होते. अंबरनाथला एक नवा क्लब उभा राहिला होता, राष्ट्रीय लीगच्या खालच्या विभागात. गटात पहिला येणारा संघ वर जाणार होता. त्यांना अनुभवी डिफेंडर हवी होती, मला घर हवं होतं. एका हंगामाचा करार झाला. तो शेवटचा असणार हे डॉक्टर बोलले नव्हते, पण त्यांनी एक्स-रे बघून चष्मा काढला तेव्हाच मला कळलं होतं.

काय सकाळी होत्या त्या! हेंद्रेपाड्याहून स्कूटरवर निघायचं, पुलावर नदीचं धुकं तोंडावर घ्यायचं, आणि अंबरनाथच्या मैदानावर पोचेपर्यंत बोटं हँडलला चिकटून बसलेली असायची. मलंगगडाच्या रांगेवर ऊन पडायच्या आत आमच्या दोन फेऱ्या झालेल्या असायच्या. प्रशिक्षक रेखा मॅडम कोल्हापूरच्या. गावात फुटबॉलसाठी पेठा एकमेकींशी भांडतात, त्या वातावरणात वाढलेल्या. त्यांचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला माईकशिवाय जायचा.

"मनीषा! तितं काय फोटो काढायला उभी हाईस व्हय? सरक की!"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे आणि सरकायचे.

कमळ आली ती दुसऱ्या आठवड्यात. बारवीच्या वाटेवरच्या एका पाड्यातली, एकोणीस वर्षांची, काटक. तिच्या शाळेतल्या सरांनी तिला मॅडमकडे पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी आमच्या कडेनं धावणाऱ्या सगळ्यात वेगवान विंगरला तिनं चार वेळा मागे टाकलं, तेही उधार घेतलेल्या, एक नंबर मोठ्या बुटांत. धावताना तिच्या पायांचा आवाजच व्हायचा नाही. मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली आणि नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला जे समजायचं ते समजलं.

पहिले दोन सामने मी खेळले. एक जिंकलो, एक बरोबरीत. दुसऱ्यात शेवटच्या वीस मिनिटांत गुडघा सुजला. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज तू बस जरा. कमळीला बघू."

बाकावर बसणं म्हणजे काय ते खेळाडूलाच कळतं. थंडी वाजते. अंगात जाकीट असलं तरी वाजते. कमळ छान खेळली. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून नाही.

त्यानंतर एकदा सराव संपल्यावर ती माझ्याकडे आली. बुटांच्या नाड्या सोडता सोडता, खाली बघत विचारलं, "ताई, तुमाला कसा कळतं, कधी पुढं जावाचा नि कधी थांबाचा? मी त नुसती धावतंय."

माझ्याकडे उत्तर होतं. अकरा वर्षांचं उत्तर होतं. मी म्हटलं, "ते अनुभवानं कळतं," आणि बॅग उचलून निघाले.

चौथ्या सामन्यात नेमकं तेच झालं. बरोबरीत असताना समोरच्या मुलीनं चेंडू जरा पुढे ढकलला. ते आमिष होतं, मला बाकावरून दिसत होतं. कमळ वाऱ्यासारखी तिच्या अंगावर गेली. त्या मुलीनं पाय फिरवला, कमळ रिकाम्या जागेत गेली आणि मागे आमची गोलकीपर एकटी. गोल. आम्ही हरलो.

आणि मला आनंद झाला. एक क्षणभरच, पण झाला. मॅडम आता मलाच घेणार, असा. मग मी कमळकडे बघितलं. ती मैदानाच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात डोक्यावर, आणि इकडे तिकडे बघत होती. कुठे चुकलं ते तिला खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मला चार दिवस आधीच माहीत होतं.

इतकी वर्षं झाली, पण त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते. कधी कधी वाटतं, तो क्षण आला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. तरीही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी स्कूटर काढली आणि बारवीच्या रस्त्यानं विचारत विचारत तिच्या पाड्यावर गेले. भाताची कापणी होऊन गेली होती, खळ्यात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, हवेत सगळीकडे सुक्या पेंढ्याचा गोडसर वास. खाचरांत ओल होती तोवर लोकांनी वाल पेरून घेतला होता आणि हिरवे कोंब वर आले होते. फक्त घरामागचं एक खाचर रिकामं होतं. दोन्ही टोकांना बांबू रोवलेले. कमळ तिथे एकटीच चेंडू मारत होती.

तिचे वडील बांधावर बसले होते. मी ओळख सांगितली आणि विचारलं, "इथे वाल नाही पेरला?"

"ती म्हनली, बाबा, मना खेलाला जागा व्हवी," ते म्हणाले. "ऱ्हायला एक साल मोकला. काय बिघडतं?"

मी बूट घातले आणि खाचरात उतरले.

"कमळ, त्या दिवशी तू विचारलं होतंस ना," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. ते शिकवता येतं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि चेंडू माझ्याकडे ढकलला.

दोन तास आम्ही खेळलो. भाताची खुंटं मोज्यांतून टोचत होती. मी चेंडू घेऊन यायची, ती अंगावर धावायची, मी निघून जायची. पुन्हा. पुन्हा. "थांब, माझ्या पायाकडे बघू नकोस, कमरेकडे बघ," मी सांगत होते, "अर्धं वळून उभी राहा," असं सगळं पुस्तकी. तिला ते जमत नव्हतं. शेवटी बांधावरून तिचे वडील उठले.

"अगो, डुक्कर शेतात शिरला का त्याच्या अंगावर जातंय का आपून?" त्यांनी विचारलं. "अंगावर गेला का तो कुठंबी उधलतो. समदा भात तुडवतो. त्याची जावाची वाट असते, तिथं उभा ऱ्हावाचा. तो बघतो, इथं मानूस हाय. मग तोच दुसरीकडं वलतो, आपल्याला पायजे तिकडं."

कमळ हसली. मीही हसले. मग मी पुन्हा चेंडू घेऊन निघाले, आणि ती आली नाही. ती माझ्या वाटेवर उभी राहिली. मी डावीकडे वळले, ती सरकली. उजवीकडे वळले, ती सरकली. ती मला बांधाकडे घेऊन चालली होती आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चेंडू जरासा लांब टाकला आणि तिचा पाय आला. अलगद. चेंडू गेला, मी दोन पावलं रिकामीच पुढे गेले.

"जमला!" ती किंचाळली. तिची आई घरातून धावत आली, काय झालं म्हणून. आम्ही दोघी खाचरात उड्या मारत होतो. मग आईनं आम्हाला तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. क्लबच्या आहारतज्ज्ञांनी बघितलं असतं तर!

त्यानंतर मी मॅडमना जाऊन सांगितलं, "मला काढा किंवा ठेवा. पण तिला बाहेर बसवू नका." मॅडम म्हणाल्या, "दोघींना ठेवलं तर? तीन जणी मागं?" आणि त्यांनी तीन जणींची फळी केली. मी मधे, उजवीकडे कमळ, डावीकडे आमची कॅप्टन. पुढच्या चार सामन्यांत आम्ही एकही गोल खाल्ला नाही. मी एवढी वर्षं खेळले, पण असं कधी अनुभवलं नव्हतं. मी बोलायच्या आत कमळ हललेली असायची. मी डावीकडे झुकले की माझ्या मागची जागा भरलेली असायची, वळून बघावं लागायचं नाही. सामना संपला की मला झोप यायची नाही, भूक लागायची, मोठमोठ्यानं बोलावंसं वाटायचं. एकतीस वर्षांची बाई मी, स्कूटरवर एकटी गाणी म्हणत घरी जायची.

शेवटचा सामना अंबरनाथलाच होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वर जाणार होतो. समोरच्या संघाला जिंकणंच भाग होतं. मैदानाभोवती ही गर्दी! कमळच्या पाड्यावरून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. उल्हासनगरहून लछमन अंकल आले होते, आता काठी घेऊन चालणारे, कुंपणाला नाक लावून उभे.

समोरच्यांची पुढे खेळणारी नऊ नंबर रांचीकडची होती. उंच, शांत, वीस-बावीस वर्षांची. सामनाभर ती मला वाचत होती, आणि मी तिला. सत्तराव्या मिनिटाला तिला कळलं, की मी उजव्या पायावर वळायचं टाळतेय. त्यानंतर ती प्रत्येक वेळी माझ्या उजवीकडूनच आली. हुशार पोरगी. मला राग आला नाही, उलट अंगात आणखी जोर आला. कुणीतरी आपल्याला इतकं नीट बघतंय, यातही एक मजा असते.

शून्य-शून्य. शेवटची दोन मिनिटं. आमचा कॉर्नर वाया गेला, चेंडू उंच उडून मध्यरेषेपलीकडे आला आणि नऊ नंबर सुटली. कमळ पुढे अडकलेली. मागे फक्त मी. मी तिच्या वाटेवर उभी राहिले, सरकले, पुन्हा सरकले. मग ती उजवीकडे वळली आणि माझा गुडघा वळलाच नाही. ती माझ्या बाजूनं निघाली. समोर नुसती गोलकीपर आणि मोकळं मैदान. मी हात लांब केला आणि तिचा शर्ट धरला.

दोघी पडलो. शिट्टी. रेफ्री धावत आल्या, खिशात हात. लाल कार्ड. अकरा वर्षांत पहिलं.

मी वाद घातला नाही. बरोबरच होतं ते. उठले, लंगडत कडेला गेले, फाटकाबाहेर उभी राहिले, अंकलच्या शेजारी. अंकलनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा खांदा धरला.

फ्री किक. अठरा यार्डांच्या रेषेच्या जरा मागे. आमच्या मुली भिंत करून उभ्या राहिल्या. आणि कमळ भिंतीत नव्हती! ती मागे जाऊन गोलरेषेवर, खांबाजवळ उभी राहिली.

"कमळ! भिंतीत! भिंतीत ये!" मी कुंपण हलवून ओरडले. तिनं माझ्याकडे बघितलं. ऐकू गेलं होतं तिला. आणि ती हलली नाही.

नऊ नंबरनं पाय मारला. चेंडू भिंतीवरून वळत वळत गेला, गोलकीपरच्या बोटांच्या पलीकडून, थेट खांबाच्या आतल्या कोपऱ्याकडे. तिथे कमळचं डोकं होतं. तो आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. चेंडू बाहेर उडाला, कुणीतरी लांब लाथाडला, आणि लांब शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

मला आत जायची परवानगी नव्हती. म्हणून त्या सगळ्या बाहेर आल्या. मॅडमसकट. फाटकातून एकदम लोंढा आला आणि मी खाली, माझ्यावर आख्खी टीम. मॅडम ओरडत होत्या, "गुडघा! तिचा गुडघा बघा ग भवान्यांनो!" आणि स्वतःच सगळ्यात वर पडल्या होत्या. कमळच्या कपाळावर चेंडूच्या मातीचा गोल उमटला होता.

"भिंतीत का नाही आलीस?" मी विचारलं.

"तुमचा आवाज आला ना," ती धापा टाकत म्हणाली. "पन तुमी बाहेरून बघत व्हतात, ताई. मना आतून दिसत व्हता."

मी तिला जवळ ओढलं. दुसरं काय करणार होते? पुढच्या हंगामात ती वरच्या लीगमध्ये खेळली, अजून खेळते. मी नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं, त्या गर्दीत, त्या मातीत. आणि तरी तिथे सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होते.

गर्दी पांगली तेव्हा मला ती नऊ नंबर दिसली. मैदानात एकटीच बसली होती, मोजे खाली ओढलेले, तोंड गुडघ्यांत. सामना संपला होता, आता मला कुणी अडवलं नाही. मी लंगडत तिच्यापर्यंत गेले आणि शेजारी बसले. तिच्या शर्टाची शिवण खांद्यापासून उसवली होती.

तिनं डोकं वर केलं. डोळे लाल. "दीदी," ती म्हणाली, "मैं गोल कर देती."

"हां," मी म्हटलं. "कर देती. इसीलिए तो पकड़ा."

रडता रडता तिला हसू फुटलं, आणि ते बघून मलाही.